अस्मानी कोठे संपते?

दिवाळी अंकात दुष्काळाचा आणि वादळांचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटाशी बसलेल्याला उपासाची गोष्ट सांगण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु दिवाळी हा मूळचा सुगीचा सण आहे. खरीप घरात यावे आणि मग दारात पणती लागावी, असा त्याचा क्रम. तेव्हा ज्या वर्षी खरीप घरात आलेच नाही त्या वर्षाची आठवण दिवाळीत निघाली तर त्यात गैर ते काय? शिवाय ज्या समुद्री वादळांविषयी मी पुढे लिहिणार आहे, तीही बंगालच्या उपसागरात बहुधा याच आश्विन-कार्तिकात उठतात.

आपल्याकडे संकटांची एक जुनी विभागणी आहे. जे वरून येते ते अस्मानी, आणि जे राज्यकर्त्याकडून येते ते सुलतानी. शेतकऱ्याच्या तोंडी हे दोन्ही शब्द एका दमात येतात. 'अस्मानी-सुलतानी' असे तो म्हणतो, तेव्हा मध्ये श्वास घेण्यापुरतीही जागा राहत नाही. माझा प्रश्न या न राहिलेल्या जागेविषयी आहे. एखादे संकट आकाशातून निघते आणि माणसाच्या घरात येऊन पोहोचते. या वाटेवर अस्मानी नेमकी कोठे संपते आणि सुलतानी कोठून सुरू होते? हा काथ्याकूट करण्याचे कारण इतकेच, की अस्मानीला जबाबदार कोणी नसतो, सुलतानीला असतो.

आम्ही सोलापूरकडची माणसे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. दुष्काळ पडला, माणसे पटापट मरू लागली, आणि बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे मंगळवेढ्यास भरलेली होती. पंतांनी ती लुटवली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला, तेव्हा विठोबा विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याची किंमत मोजून पावती घेऊन आला. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण तिच्या पोटात एक गोष्ट आहे, तिच्याकडे कीर्तनकार सहसा वळत नाहीत. दुष्काळात धान्य नव्हते असे नाही. धान्य होते. ते कुलपात होते. पाऊस पडला नाही ही अस्मानी. कुलूप ही अस्मानी नव्हे. आणि कुलूप उघडणाऱ्या सज्जन अधिकाऱ्याला पुढे हिशेब द्यावा लागतो, हेही त्या कथेला पक्के ठाऊक आहे. म्हणून तर देवाला धाव घ्यावी लागली!

आता याच मुलखातील १८७६ सालची हकीकत पाहा. त्या वर्षी दख्खनवर मोसमी पाऊस फिरकला नाही. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी, धारवाड, आणि खाली मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचे राज्य असा सगळा प्रदेश करपला. याचे कारण आज आपल्याला कळते. पूर्व पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा फार तापले म्हणजे हजारो कोसांवरची वाऱ्यांची घडी विस्कटते. याला आता शाळेतली मुलेही 'एल निनो' म्हणून ओळखतात. १८७६ ते १८७८ या काळातील एल निनो फारच जबर होता. आपल्याकडे पाऊस गेला त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये गेला, ब्राझीलच्या ईशान्य भागात गेला. एकमेकांचे नावही न ऐकलेले शेतकरी तीन देशांत एकाच आभाळाकडे डोळे लावून बसले होते. याहून अस्सल अस्मानी कोणती असणार?

पण पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. हा गृहस्थ मुळात दुष्ट होता असे मला वाटत नाही, आणि माझ्या मते खरी भीती तेथेच आहे. दोनतीन वर्षांपूर्वी, १८७३-७४ साली, बंगाल-बिहारात पीक बुडाले तेव्हा याच टेंपलसाहेबाने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणविला, सढळ हाताने वाटला, आणि त्या दुष्काळात उपासमारीने फारच थोडी माणसे दगावली. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात असे यश दुसरे नाही. त्याला याचे बक्षीस काय मिळाले? खर्च फार केला म्हणून विलायतेत ताशेरे! दामाजीपंतांचे पैसे विठोबाने भरले. टेंपलसाहेबांचे भरावयास कोणी आले नाही. मग १८७७ साली दख्खनेत आलेला टेंपल वेगळाच होता. त्याला हात आखडून दाखवायचा होता. दुष्काळी कामावर दिवसभर खपणाऱ्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, असे मजुरीचे मान त्याने ठरविले. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, जुन्या मापाने अर्धा शेर. एवढ्यावर खडी फोडायची आणि तळी खणायची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी, इतक्या अन्नावर कष्ट करणारा माणूस जगणार नाही, असे बजावून सांगितले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीस मुलांसाठी अन्नछत्र उघडले. इकडे हे चालले असता १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटन यांनी दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, आणि बंदरांतून गहू विलायतेला जातच राहिला. आगगाडी होती, तारायंत्र होते, धान्य होते. ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांच्या वर माणसे मेली. ज्यांनी हात आखडला ते टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

नववी-दहावीला इतिहास शिकवताना मला दरवर्षी एक गंमत दिसते. गंमत कसली, चटकाच म्हणा. '१८७६ च्या दुष्काळाची कारणे सांगा' असे विचारले, की वर्गातील निम्मी मुले 'पाऊस पडला नाही' एवढे लिहून मोकळी होतात. उरलेली निम्मी 'इंग्रजांचे धोरण' असे लिहितात. बाजारातल्या मार्गदर्शकांतही असेच काही छापलेले असते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि दोन्ही उत्तरांत एकेक पळवाट आहे. पहिल्या उत्तरात माणूस सुटतो. दुसऱ्यात मेलेले राज्य सापडते, आणि मेलेल्या राज्याला शिव्या देण्यात कोणाचेच काही जात नाही. सुलतान परका होता आणि तो आता गेला, असे एकदा ठरले की आपल्याला आपल्या घरी सुखाने झोपता येते.

म्हणून मी त्यांना लगेच १९७२ सालावर आणतो. मुलूख तोच, पाऊस तसाच पळालेला. आमची आजी तेव्हा चाळिशीत होती. गावाबाहेरच्या रस्त्यावर तिने वर्षभर खडी फोडली. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी तिने खाल्ली, आणि सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवत होती. ती चव चांगली होती की वाईट, हे मात्र तिने कधी सांगितले नाही. 'देवानं पाऊस दिला न्हाई, सरकारनं खडी दिली,' असे ती म्हणे, आणि या वाक्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला अजून उलगडलेले नाही. पण एवढे खरे, की ती जगली, तिची पोरे जगली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, माणसे गाव सोडून मुंबईला गेली, कामांच्या हजेरीपटांत खोटेपणाही झाला असेल. पण १८७७ सारखी हाडांची रास पडली नाही. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. टेंपलसाहेबानेही खडीच दिली होती, आजीलाही खडीच मिळाली. दगड तेच होते. फरक असा, की १८७७ साली मजूर खरोखरच उपाशी आहे की ढोंग करतो याची परीक्षा म्हणून खडी होती. १९७२ साली तो उपाशी आहे हे गृहीत धरलेले होते.

दुष्काळ सावकाश येतो, म्हणून त्याच्या बाबतीत माणसाला दोष देणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल. वादळाचे काय? ते एका रात्रीत येते. तेथे तरी अस्मानी निर्भेळ असेल!

मलाही तसे वाटे. मग पिडिंग्टन नावाच्या माणसाची हकीकत वाचनात आली. हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यास राहणारा, जहाजावर आयुष्य काढलेला इंग्रज. आज जगभर वापरला जाणारा 'सायक्लोन' हा शब्द त्याने घडविला. १८५३ साली सरकारच्या मनात मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचे आले, तेव्हा त्याने गव्हर्नर जनरलना जाहीर पत्र लिहून विनविले की, येथे बांधू नका, एखाद्या वादळात समुद्र आत येईल आणि सगळे धुऊन नेईल. म्हाताऱ्याचे कोण ऐकतो! बंदर झाले, त्याला पोर्ट कॅनिंग असे लाटसाहेबाचे नाव दिले, आणि १८६७ साली समुद्र आत आला. पिडिंग्टन त्यापूर्वीच वारला होता. त्या दरम्यान १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर आलेल्या वादळाने साठ हजारांच्या आसपास माणसे नेली. त्यानंतर १८६६ आणि १८७१ साली पाऊस चुकला, आणि अखेर १८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते काढले. म्हणजे आपल्याकडे आभाळाचा हिशेब ठेवणारी कचेरी उघडली ती मढी मोजून झाल्यावर.

कचेरी उघडल्याने प्रश्न सुटला असता तर १९७० सालची ती रात्र उजाडली नसती. १२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे तोंडावर आलेले, आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, गंगेच्या मुखाशी असलेल्या भोला बेटावर नि आसपासच्या चरांवर रमजानचा महिना चाललेला. पौर्णिमेमुळे समुद्राला उधाणाची भरती, आणि नेमक्या त्या भरतीवर वादळ आले. कमीत कमी तीन लाख, कोणी म्हणतात पाच लाख, माणसे एका रात्रीत बुडाली. वादळाने इतकी माणसे मेल्याची दुसरी नोंद जगाच्या इतिहासात नाही. तेव्हा वादळाची बातमी नव्हती काय? होती. मागाहून झालेल्या पाहणीत असे आढळले, की दहांपैकी नऊ माणसांना वादळ येत असल्याचे ठाऊक होते. पण पक्क्या इमारतीत आसरा घेतलेला माणूस शंभरात एक! थोड्याच आठवड्यांपूर्वी असाच इशारा आला होता आणि ते वादळ त्या मानाने सौम्य निघाले होते, हे एक कारण. पण मला दुसरे कारण अधिक बोलके वाटते. जायचे कोठे? समुद्रसपाटीपासून चार-दोन हात उंच असलेली गाळाची जमीन. तिच्यावर गवताने शाकारलेली घरे. पक्की इमारत मैलोन्‌मैल दिसायची नाही. दावणीला बैल, आणि ते सोडून गेलो तर मागे राहिले काय? ज्याला पळायला जागा नाही त्याला 'पळ' म्हणून सांगणे, याला मी इशारा म्हणावयास तयार नाही. इशारा दिला होता, असे दप्तरात नोंदवून ठेवता येते, एवढाच त्याचा उपयोग. सरकारची मदत इतकी उशिरा आणि इतकी थोडी पोहोचली, की तेथील लोकांचा पश्चिमेकडील राज्यकर्त्यांवरील उरलासुरला विश्वासही उडाला. पुढच्याच महिन्यात निवडणुका झाल्या आणि १९७१ साली बांगलादेश जन्मास आला. सुलतानाला जबाब द्यावा लागला तो असा.

या नव्या देशाने १९७२ पासून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. त्यांनी निशाण लावायचे, कर्णा घेऊन फिरायचे, म्हाताऱ्यांना हाताला धरून न्यायचे. काम एका दिवसात झाले नाही. १९९१ च्या वादळात पुन्हा एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे गेली. पण २००७ च्या 'सिद्र'मध्ये हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास थांबला. आपल्या ओडिशातही तेच झाले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात दहा हजार माणसे मेली. चौदा वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, ऐन दुर्गापूजेत 'फायलिन' त्याच किनाऱ्यावर आदळले. पण त्याआधी सुमारे दहा लाख माणसे हलविली होती, आणि मृत्यू पन्नासांच्या आत राहिले. वारा काही फार दयाळू नव्हता. दरम्यानच्या काळात किनाऱ्यावर सिमेंटच्या खांबांवर उभी केलेली निवारागृहे बांधली गेली होती. ती एरवी रिकामी राहू नयेत म्हणून त्यांतल्या पुष्कळांत शाळा भरतात. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हे वाचून किती बरे वाटले ते काय सांगू! पाढे म्हणायची तीच खोली वादळाच्या रात्री गावाला पोटाशी धरते.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसू लागले, की अस्मानीची हद्द कायमची आखलेली नाही. माणसाला जितके कळते आणि जितके करता येते, तितकी ती मागे हटते. दामाजीपंतांच्या काळी वादळाचा इशारा देता येत नव्हता, म्हणून न देणे हा अपराध नव्हता. आज तो अपराध आहे. ज्ञान वाढले की पुण्य वाढतेच असे नाही, पण पाप मात्र नक्की वाढते. पूर्वी जे दैव होते ते आता हयगय ठरते. ही गोष्ट आपल्याला फारशी सुखाची नाही.

माझे एक सहकारी आहेत, संस्कृत शिकवतात. वयाने वडील, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना मी हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "ज्या बाईचे पोर पुरात गेले तिला हे तू सांगणार आहेस काय? 'देवाची मर्जी' म्हणून ती बिचारी रात्री डोळा मिटते. तू तिला सांगायचे, बाई ग, अमक्या कचेरीत अमका कागद तीन दिवस पडून राहिला म्हणून तुझे पोर गेले. तिच्या उशाचा दगड तेवढा तू काढून घेणार, आणि बदली काय देणार?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. अण्णा म्हणतात ते खरे आहे. अस्मानी हा शब्द केवळ पळवाट नाही, तो दुःखाचा आधारही आहे. आमच्या आजीसारखी लाखो माणसे त्याच्या आधाराने जगली. वेडी झाली नाहीत, कोणाचे डोके फोडावयास धावली नाहीत. पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला एवढे वाटते, की हा शब्द कोणाच्या तोंडी आहे ते पाहिले पाहिजे. ज्याचे गेले त्याने 'अस्मानी' म्हणावे. तो त्याचा हक्क आहे आणि तो काढून घेणारे आपण कोण? पण ज्याच्या हाती कोठाराची किल्ली होती, ज्याच्या टेबलावर तो कागद होता, त्याने तोच शब्द उच्चारला तर ती लबाडी होते. आणि चमत्कार असा, की सभांमधून, पत्रकांमधून हा शब्द आपल्याला ऐकू येतो तो बहुधा या दुसऱ्या तोंडूनच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा 'अभूतपूर्व' हा शब्द किती वेळा छापून आला ते आठवा. पाऊस अभूतपूर्व होताच. मिठी नदीच्या पात्रात भराव घालून तिला गटार कोणी केले होते, ते मात्र भूतपूर्व होते.

अण्णांना मी हे सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण 'पटले' असे काही म्हणाले नाहीत.

आता या वादाला एक नवीनच फाटा फुटला आहे. आतापर्यंत निदान एवढे तरी होते, की पाऊस आणि वारा हे अस्मानाचे, आणि कोठार, रस्ता, इशारा हे सुलतानाचे. आता शास्त्रज्ञ सांगतात की आपण दीडदोनशे वर्षे जो कोळसा आणि तेल जाळीत आलो त्याने पृथ्वी तापली, समुद्र तापला, तापलेल्या हवेत पाणी अधिक मावू लागले, आणि म्हणून पडेल तेव्हा पाऊस पूर्वीपेक्षा धो धो पडतो. म्हणजे सुलतानाचा हात आता थेट ढगापर्यंत पोहोचला! आणि हा सुलतान बिदरचा नाही, लंडनचा नाही, दिल्लीचाही पुरता नाही. त्याचा मोठा हिस्सा श्रीमंत देशांच्या नावे आहे हे खरे. दोनचारशे ग्रॅम धान्यावर खडी फोडणाऱ्यांनी काही पृथ्वी तापविली नाही. पण आपण, फटफटीवरून बाजारात जाणारे, आपले नाव त्या यादीत अगदीच नाही असे म्हणण्याचा धीर मला होत नाही.

यंदा एप्रिलात ऊन फार झाले म्हणून पालकांनी वर्गणी काढून आमच्या शाळेत प्रत्येक वर्गात दोन दोन पंखे बसवून दिले. वीज बहुतेक कोळशाचीच. त्या पंख्याखाली उभा राहून मी जूनमध्ये नववीला १८७६ चा दुष्काळ शिकवीत होतो. टेंपलसाहेबाची अर्ध्या शेराची मजुरी मी फळ्यावर लिहिली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, त्यांना ठाऊक होतं का, एवढ्यानं माणूस मरतं म्हणून?" मी म्हटले, "होय, डॉक्टरांनी सांगितले होते." ती वहीत काही लिहू लागली. मग तिने मान वर केली आणि पंख्याकडे पाहत विचारले, "आणि आपल्याला?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. मी मुलांना सांगितले, उद्या इथूनच पुढे सुरू करू.